दोन स्टेपन्या, वीस गॅलन पाणी

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले, की सप्टेंबरात आम्ही चार रात्री ओरेगनच्या वाळवंटात तंबू ठोकून राहिलो आणि तिथे नळ नव्हता, संडास नव्हता, शेजारही नव्हता. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी वर्षभरात माझ्या पाककृतींवर आली नाहीत. म्हणून या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देते. मसाल्याच्या डब्याबद्दल विचारणाऱ्यांनी थोडी कळ काढावी.

ताई, आम्ही बीव्हरटनला राहतो. नकाशात पूर्व ओरेगनभर पिवळा रंग दिसतो. तिथे कुठेही तंबू लावता येतो असं ऑफिसातला एक जण म्हणाला. बुकिंग कुठे करायचं आणि भाडं किती?

बुकिंग नाही आणि भाडंही नाही. पोचल्यावर "आलात का" म्हणायलाही कुणी नसतं. याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. मी माळावरचा मुक्काम म्हणते.

पिवळा रंग म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, इथल्या बोलीत बीएलएमची जमीन. देशभरात ती साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास आहे. आपल्या गावाकडचं गायरान डोळ्यांसमोर आणा. १८६२च्या कायद्याने कसेल त्याला १६० एकर देऊ केले, तेव्हा लोकांनी साहजिकच आधी ओढ्याकाठची, झऱ्याजवळची जमीन धरली. जिथे पाणी नव्हतं तिला गिऱ्हाईकच मिळालं नाही, ती सरकारकडेच राहिली. त्यावर सगळ्यांनी मनमानी गुरं चारून माती उघडी पाडली, मग १९३४मध्ये चराईला परवाने आले आणि १९४६मध्ये हे खातं. म्हणून नकाशात पिवळ्याच्या मधोमध पांढरे ठिपके दिसतात ना, ते खाजगी. आणि प्रत्यक्षात गेलात की नेमक्या त्याच ठिकाणी चार झाडं आणि हिरवळ दिसते. सावली बघून तिकडे गाडी वळवू नका, ते कुणाचं तरी घर आहे.

बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस राहता येतं, मग तळ हलवायचा. जागा अशी निवडा, की जिथे आधी कुणी राहून गेलंय. जमीन उघडी पडलेली असते, कुणी तीन दगड मांडलेले असतात. नवी जागा मोडू नका. त्या मातीवर काळपट खडबडीत पापुद्रा असतो, तो जिवंत असतो आणि एकदा टायरखाली चिरडला की सावरायला वर्षानुवर्षं लागतात. गुरांच्या पाण्याच्या टाकीजवळ तर अजिबात नको. तुम्ही तिथे खुर्च्या टाकून बसलात, तर हरणं आणि गाई रात्रभर लांब उभ्या राहतात, पाण्याला येत नाहीत. शेजारच्या नेव्हाडात तर कायदाच आहे, पाणवठ्याच्या १०० यार्डांच्या आत तळ टाकून जनावरांची वाट अडवायची नाही. वाटेतलं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर पार झाल्यावर बंद करा. आपली हुशारी त्यात चालवायची नाही.

आणि काळ्या काचेसारख्या दगडाचं बाणाचं टोक सापडलं तर बघा, फोटो घ्या, तिथेच ठेवा. ते पायूट लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचं आहे. याच भागातल्या फोर्ट रॉक गुहेत १९३८मध्ये सेजब्रश नावाच्या इथल्या झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या होत्या, नऊ हजार वर्षांहून जुन्या. आम्ही दोन दिवसांच्या सुट्टीला येऊन "हा आपला कोपरा" म्हणतो, तेव्हा मला त्या चपला आठवतात.

कुठे जायचं? माझं ठिकाण अल्व्हर्डचं वाळवंट. मी मूळची म्हसवडची, माण तालुका. लहानपणी शाळेत शिकवलं होतं, की ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपण पर्जन्यछायेत. ती छाया मला खऱ्या अर्थाने कळली ती स्टीन्स पर्वताच्या पूर्व पायथ्याशी. पर्वत ९,७३३ फूट, आणि पूर्वेकडून तो एकदम साडेपाच हजार फूट खाली कोसळतो. खाली बारा मैल लांब, सात मैल रुंद अशी कोरडी, पांढुरकी, ताटासारखी सपाट जमीन. पश्चिमेकडचे ढग वर अडकलेले दिसतात, आणि इकडे वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस. १९७६मध्ये किटी ओनील नावाच्या, कानाने अजिबात ऐकू न येणाऱ्या बाईने इथेच ताशी ५१२ मैल वेगाने गाडी पळवली होती. यावरून सपाटीची कल्पना करा.

ही सपाटी ओली असेल तर मात्र तिच्यावर चाक घालू नका. कोरडी असताना बोटाने पापुद्रा उचलला तर पापडासारखा तुटतो. पण पावसाची एक सर पडली की त्याचाच चिखल, आणि आपल्या काळ्या रानातल्या चिखलासारखा चप्पल सोडत नाही. मागच्या मोसमात कुणीतरी रुतल्याच्या चाकोऱ्या उन्हाने विटेसारख्या भाजून तशाच राहिलेल्या मी पाहिल्यात. शेवटी दोन्हीकडे फावड्याने खणल्याच्या खुणा होत्या. पुढे काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

आमच्याकडे साधी सेडान आहे. चालेल का? मेरिडियन, आयडाहो

काही रस्त्यांना चालते. पण खरा प्रश्न गाडीचा नाही, टायरचा आहे.

पहिल्या वर्षी आम्ही बॉयसीहून जॉर्डन व्हॅलीमार्गे निघालो. (जॉर्डन व्हॅलीत थांबा. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेल्या बास्क मेंढपाळांनी १९१५मध्ये दगडी भिंत बांधली ती बघा, हाताने चेंडू मारायच्या खेळासाठी. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांनी परक्या मुलखात आधी काय बांधलं, तर खेळायची भिंत. मला फार आवडतं ते.) तिथून दक्षिणेला गेल्यावर व्हाइटहॉर्स रँचचा कच्चा रस्ता धरला. रस्ता चांगला वाटला, म्हणून आमच्या ह्यांनी ताशी पन्नास मैलांचा वेग धरला. खडी म्हणजे फुटका काळा दगड, कडा सुरीसारख्या. तासाभरात मागचं उजवं चाक बसलं. उतरून पाहिलं तर खिळ्याचं भोक नव्हतं, टायरच्या बगलेला बोटभर लांब चीर होती, लोणच्याच्या कैरीला देतो तशी सरळ. बगलेला पॅच लागत नाही. डिकीतून स्टेपनी काढली तर ती ते लहान मुलांच्या सायकलला शोभेल असलं बारीक चाक. ते लावून पंधराच्या वेगाने निघालो आणि चार मैलांवर पुढचं चाक गेलं.

साडेतीन तास बसलो. त्या साडेतीन तासांत एक कोल्हा आला, आमच्याकडे बघून गेला. मग एक रँचर आपल्या ट्रकमधून आला, टोपी मागे सारली, दोन्ही चाकांकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी आहे ना?" टायरचं नंतर. आधी पाणी. मला तिथेच तो माणूस आमच्या गावचा वाटला.

तेव्हापासून आमच्याकडे जाड, दहा प्लायचे (दहा थरांइतके मजबूत) टायर आणि पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या असतात. खडी लागली की हवा कमी करतो, पस्तीसची पंचवीसवर आणतो, म्हणजे टायर दगडावर बसतो, त्याच्याशी भांडत नाही. डांबरी लागली की छोट्या कॉम्प्रेसरने परत भरतो. वेग तीसच्या खाली. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पुढच्या पंपाचा विचार सुरू. फील्ड्स नावाच्या चार घरांच्या गावात पंप आहे, दुकान आहे, आणि त्यांचा मिल्कशेक प्रसिद्ध आहे, तो प्याच. तिथून बर्न्स हे मोठं गाव शंभराहून जास्त मैल. हा सगळा हार्नी परगणा आपल्या सातारा जिल्ह्याच्या अडीच पट आहे आणि माणसं साडेसात हजारांच्या घरात. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला एका गल्लीत तेवढी असतात.

रात्री गाडी चालवू नका. गाई रस्त्यावर बसलेल्या असतात, काळ्या अँगस गाई, अंधारात डोळेच काय ते दिसतात. हा ओपन रेंजचा, म्हणजे गुरं मोकळी चरायचा मुलूख, धडक बसली तर गाईची भरपाई बहुधा तुमच्याच खिशातून जाते.

आई-बाबा पुण्याहून येताहेत, दोघंही सत्तरीच्या पुढे. त्यांना न्यायची फार इच्छा आहे, पण संडासाचं काय करायचं? विचारायलाही लाज वाटते. सनीव्हेल

लाजू नका. या पत्रातला तोच सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, आणि माझा अनुभव सांगते, म्हातारी माणसं यात तरुणांपेक्षा तयार असतात. माझी आई आली होती तेव्हा तिने फक्त विचारलं, "टमरेल कुठंय?" आणि निघाली. माझी भाची, कॉलेजात शिकते, ती दोन दिवस गेलीच नाही.

साधा नियम असा. पाण्यापासून, तळापासून आणि वाटेपासून २०० फूट, म्हणजे मोठी सत्तर-ऐंशी पावलं चालायचं. लहान खुरपं घेऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीने नीट बुजवायचा. कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. इथल्या मातीत ओल नाही, त्यामुळे काहीच लवकर कुजत नाही. दोन वर्षांनी गेलं तरी कागद तसाच वाऱ्यावर फडफडताना दिसतो. अल्व्हर्डच्या सपाटीवर तर खणायचंच नाही, तिथे पिशवीच. आत पावडर असलेल्या जाड दुहेरी पिशव्या मिळतात, त्या झाकणाच्या बादलीला लावायच्या. बादलीवर बसायची सीट दुकानात मिळते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती घ्याच, आणि भोवती लावायला उभा छोटा तंबू. वारा आला की तो आधी उडतो, त्याला चारही बाजूंनी दोऱ्या हव्यात. हे मी अनुभवावरून सांगते. जास्त विचारू नका.

आई-बाबांसाठी आणखी एक. थंडी. सप्टेंबरात दुपारी तीस अंश आणि पहाटे शून्य, हे एकाच दिवसात होतं. अल्व्हर्डच्या चार हजार फुटांवर दम लागत नाही, पण स्टीन्सच्या माथ्यावर न्याल तेव्हा दहा पावलांवर थांबा. औषधं गाडीत नको, उशाशी ठेवा. आणि पहिल्या खेपेला एकच रात्र राहा.

पाणी किती न्यावं? जेवणाचं काय करता? सिअ‍ॅटल

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. हे फक्त पिण्याचं आणि जेवणाचं. चौघं, तीन रात्री, म्हणजे चार दिवस, सोळा गॅलन. त्यावर मी आणखी चार घेते, न पंक्चर झालेल्या गाडीसाठी म्हणा किंवा पंक्चर झालेल्या. वीस गॅलनचं वजन पंचाहत्तर किलो भरतं, म्हणजे गाडीत एक माणूस जास्त. एकाच मोठ्या पिंपात नेऊ नका, पाच पाच गॅलनचे चार कॅन न्या. एक फुटला तर तीन राहतात.

मी बहात्तरच्या दुष्काळातली पोर. आठ वर्षांची होते, शाळेत सुकडी मिळायची आणि टँकर आला की आई कळशी तिरकी धरायची, कारण सरळ धरली तर धार सांडते. ती सवय हातात राहिलीय. कॅनची तोटी उघडी ठेवून कुणी बोलत उभं राहिलं तर मी ओरडते. मुलगा म्हणतो, आई, तू वाळवंटात जास्त कडक होतेस.

जेवण पाण्याच्या हिशोबाने ठरवा. दशम्या आणि धपाटे दोन दिवस छान राहतात. पिठलं झटपट होतं. डाळ-तांदूळ उघड्या पातेल्यात लावाल तर बसाल वाट बघत, कारण चार हजार फुटांवर पाणी ९६ अंशांनाच उकळतं. कुकर न्या. हसू नका. वाळवंटात शिट्टी वाजली की काय वाटतं ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. तीन मैलांवर तळ टाकलेलं एक जोडपं दुसऱ्या दिवशी विचारायला आलं, की रात्री कसली वाफेची गाडी चालवत होता?

शेगडी मात्र आपल्या घराघरांत असते ती नको, ती चपटी, पुऱ्या तळायला अंगणात काढतो ती. त्या डब्यात ब्यूटेन असतो, आणि शून्याच्या खाली ब्यूटेनची वाफच होत नाही. पहिल्या पहाटे मी डबा हलवत बसले होते, आत द्रव खळखळ वाजत होता आणि शेगडी ढिम्म. शेवटी डबा जॅकेटात घालून पोटाशी धरला, वीस मिनिटं, कोंबडी अंडं उबवते तशी, तेव्हा अर्धा कप चहा झाला. आता प्रोपेनची दोन बर्नरची नेतो.

ताट शेवटच्या भाकरीच्या तुकड्याने पुसून खायचं, मग कागदाने पुसायचं. धुवायचं काही राहतच नाही.

रात्री शेकोटी पेटवून गाणी म्हणता का? ट्राय-सिटीज

गाणी म्हणतो. शेकोटी उन्हाळ्यात बहुतेकदा बंद असते, निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाचे नियम बघा. आणि परवानगी असली तरी वारा असेल तर मी पेटवत नाही. इथे चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवत माजलंय, जूनमध्येच वाळून कागद होतं. गाडीच्या गरम सायलेन्सरखालीसुद्धा पेट घेतं, म्हणून उंच गवतात गाडी उभी करू नका. २०१२मध्ये शेजारच्या मॅलूर परगण्यात वीज पडून लाँग ड्रॉची आग लागली, साडेपाच लाख एकर गेले. आपल्याकडची वेडी बाभूळ तोडली तरी बुडातून फुटते. सेजब्रश जळलं की मुळातून परत फुटत नाही, बियांपासून नव्याने यावं लागतं, आणि तोवर चीटग्रासने जागा धरलेली असते. पाऊस पडून गेल्यावर त्या झुडपाचं एक पान बोटात चुरडा. तीन दातांचं राखाडी पान. तो वास हुंगल्यावर काडी ओढायची इच्छाच होत नाही.

मी एकटी जावं म्हणते. वय ३४. घरचे घाबरवताहेत. तुम्ही काय सांगाल? पोर्टलँड

जा. आमच्या ह्यांचा गुडघा बदलल्यापासून मीही वर्षातून एकदा एकटी जाते.

घरचे ज्याला घाबरतात तो माणूस तिथे येत नाही, कारण तिथे यायला दोन स्टेपन्या लागतात. मला भीती आहे ती मुरगळलेल्या पायाची. फोनला रेंज नसते. आयफोन १४पासून पुढच्या फोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते, पण मी वेगळं, दोन्हीकडून निरोप चालणारं उपग्रहाचं यंत्र नेते आणि ते गाडीत नाही, अंगावर ठेवते. गाडी अडली तर गाडी सोडून चालत निघू नका. वरून बघणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. दगड उचलण्याआधी काठीने हलवा, खाली विंचू असतो, आणि उन्हाळ्यात खुळखुळ्या सापही असतो. तो आधी सांगतो तरी. झोपताना बूट तंबूच्या आत घ्या. तंबूचे खुंटे लांब हवेत. दुपारनंतर स्टीन्सवरून वारा उतरतो आणि तासाभरात सगळं धुळीचं होतं, तेव्हा तंबूशी झटापट न करता तो खाली पाडून गाडीत बसा.

पहिल्या रात्री झोप येणार नाही. तिथली शांतता आपल्या ओळखीची नसते. ना कुत्रं, ना पंखा, ना फ्रिज. कानात आपलंच रक्त वाजतं. मी दीड वाजता उठून बसले होते, बाहेर आकाशगंगा इतकी खाली आलेली, की मला आजोळच्या मेंढरांच्या वाड्यावरची रात्र आठवली. घोंगडीवर पडलेले मामा आणि मध्येच खोकणारी मेंढी. तिथे निदान मेंढी होती.

आणि परत येण्याची वेळ कुणाला तरी लिहून द्या. अमुक रस्ता, अमुक जागा, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन, नाही आला तर शेरीफला कळवायचं. माझ्यासाठी हे काम नणंदबाई करतात. गेल्या वर्षी मी वेळेवर निघाले, फील्ड्सला मिल्कशेक प्यायला, रेंज आली तेव्हा मुलाचा फोन आला, त्याच्याशी बोलत बोलत घरी पोचले. अंगावर चार दिवसांची धूळ. टबमध्ये गरम पाणी भरून बसले आणि डोळा लागला. नऊ वाजता फोन वाजला. शेरीफच्या ऑफिसातला मुलगा, आवाजावरून पंचविशीचा, फार नम्र. "मॅम, तुम्ही सुरक्षित आहात का? या क्षणी नेमक्या कुठे आहात?"

"बाथटबमध्ये," मी म्हटलं.

नणंदबाई हा किस्सा दर दिवाळीला फराळाच्या ताटावर सांगतात. गेल्या दिवाळीपर्यंत त्यात एक हेलिकॉप्टरही आलंय.